डोस तोच, शुगर रोज वेगळी, आणि सोनोग्राफी म्हणते ‘नॉर्मल’

तक्रार साधारण अशी असते. इन्सुलिनचे युनिट बदललेले नाहीत, जेवणाच्या वेळा तशाच आहेत, तरी एका सकाळी शुगर २४० येते आणि दुसऱ्या सकाळी ६५. डोस वाढवला की दोन-चार दिवस बरे जातात आणि मग ध्यानीमनी नसताना हायपो होतो, म्हणजे शुगर धोकादायकरीत्या खाली जाते. पोटावर बोटे फिरवली तर कुठे जरा भरीव लागते, कुठे काहीच लागत नाही. शंका फिटावी म्हणून सोनोग्राफी होते आणि कागदावर यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड सगळे ठीक असल्याचे लिहून येते. सुई जिथे रोज जाते, त्या जागेकडे मात्र कोणी पाहिलेलेच नसते.

पोटाच्या सोनोग्राफीत प्रोब (अंगावर फिरवायचा यंत्राचा भाग) त्वचेवर दाबून दहा-पंधरा सेंटीमीटर खोल बघतात. इन्सुलिनची गाठ, म्हणजे रोज टोचलेल्या जागी वाढलेली चरबी (लिपोहायपरट्रॉफी), पहिल्या दोन-तीन सेंटीमीटरमध्ये असते आणि प्रोब दाबला की चपटी होते. म्हणून पहिली दुरुस्ती चिठ्ठीत करायची. ‘पोटाची सोनोग्राफी’ असे लिहिले तर पोटाचीच होणार. ‘इन्सुलिन टोचण्याच्या जागांवरील त्वचा व त्वचेखालील चरबी, लिनियर प्रोबने, लिपोहायपरट्रॉफी आहे का?’ असे स्पष्ट लिहा, आणि रोज कुठे टोचले जाते तेही लिहा.

गाठ कशी तयार होते

इन्सुलिन रक्तातली साखर उतरवते, तसेच चरबीच्या पेशींना साठवायला आणि वाढायलाही लावते. एकाच तळहाताएवढ्या जागेत महिनोन्महिने टोचत राहिले की तिथल्या पेशी फुगतात, पेशींमधले तंतू जाड आणि वेडेवाकडे होतात, रक्तपुरवठा विरळ होतो. एकच सुई अनेकदा वापरली तर टोक बोथट होऊन ऊतीला जास्त इजा होते आणि गाठीला आणखी खतपाणी मिळते. अशा जागी टोचताना बऱ्याच जणांना कमी दुखते, म्हणून हात आपोआप पुन्हा तिथेच जातो. हे चक्र समजले की रुग्णावर रागावण्यात काही अर्थ नाही हेही समजते.

स्पेनमध्ये ४३० जणांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ६४ टक्क्यांना अशा गाठी होत्या. गाठी असलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्क्यांना कारण न सापडणारे हायपो होत होते. गाठी नसलेल्यांत हेच प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास होते. गाठीवाल्यांना दिवसाला सरासरी ५६ युनिट लागत होते, इतरांना ४१. पुढे २०१६ मध्ये टाइप १ मधुमेहींवरच्या क्लॅम्प चाचणीत (शिरेतून ग्लुकोज देत रक्तातली साखर स्थिर ठेवून इन्सुलिनचा परिणाम मोजण्याची पद्धत) असे दिसले की तोच डोस गाठीत दिला तर शोषण कमी होतेच, शिवाय एका वेळेपासून दुसऱ्या वेळेपर्यंतचा फरक कित्येक पटींनी वाढतो. शुगरचे हेलकावे येतात ते या फरकामुळे. शोषण नुसते कमी असते तर डोस वाढवून भागले असते.

प्रोब उचलण्याआधी

गाठीवर आळ घेण्याआधी पाच मिनिटांत तपासता येणाऱ्या गोष्टी उरकून घ्या. पेनमध्ये नवी सुई लावून २ युनिट हवेत सोडले की थेंब येतो का? बटण पूर्ण दाबल्यावर सुई आत ठेवून दहापर्यंत मोजतात का? ढगाळ इन्सुलिन असेल तर दहा वेळा तळहातांत फिरवून आणि दहा वेळा उलटेसुलटे करून ते एकसारखे पांढरे होते का? बाटली आणि सिरिंज एकाच ताकदीची आहे का, हे तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. ४० युनिटच्या (म्हणजे मिलिलीटरला ४० युनिट) बाटलीतून १०० च्या सिरिंजने ‘२०’ च्या रेघेपर्यंत ओढले तर अंगात फक्त ८ युनिट जातात. उलट १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज असेल तर त्याच रेघेवर ५० युनिट जातात. ही चूक सापडली तर सोनोग्राफी बाजूला ठेवून आधी ती दुरुस्त करायची.

मग हाताने तपासा, कारण हाताने काढलेला नकाशा प्रोबला दिशा देतो. रुग्णाला ‘कुठे टोचता?’ असे विचारू नका, ‘आत्ता टोचल्यासारखे करून दाखवा’ म्हणा. बोट आपोआप जिथे जाते तीच खरी जागा. उभे राहून आणि आडवे पडून, दोन्ही स्थितींत पाहा. उजेड बाजूने तिरका पडू द्या म्हणजे हलका उंचवटाही सावलीमुळे कळतो. बोटांना थोडे जेल लावा, निरोगी भागाकडून संशयित भागाकडे बोटांची टोके गोल फिरवत या, आधी अगदी हलके, मग जरा जोराने. चिमटीत धरल्यावर निरोगी कातडी पातळ घडी देते. गाठीवरची घडी जाड, रबरासारखी लागते किंवा चिमटीत येतच नाही. कडा जिथे लागते तिथे त्वचेवर चालणाऱ्या पेनने खूण करा. पोट, दोन्ही मांड्या, दंडाची मागची बाजू, नितंब, यांपैकी जिथे कधीही टोचले असेल ते सगळे पाहा. इन्सुलिन पंप वापरणाऱ्यांत कॅन्युलाच्या (त्वचेखाली ठेवलेल्या बारीक नळीच्या) जागाही यात धरायच्या.

हात चुकतो तो मुख्यतः दोन ठिकाणी: गाठ उंच न होता चादरीसारखी पसरलेली असते तेव्हा, आणि पोटावर चरबी जास्त असते तेव्हा. सोनोग्राफीचा खरा उपयोग इथेच आहे.

यंत्राची मांडणी

प्रोब लिनियर (सपाट, सरळ तोंडाचा) हवा, १२ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वरचा. १५ ते १८ चा असेल तर उत्तम. कारण साध्या हिशेबाचे आहे. ऊतीत ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो, म्हणून १२ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ०.१३ मिमी येते आणि पोटाच्या ३.५ मेगाहर्ट्झच्या कॉन्व्हेक्स (बाकदार तोंडाच्या) प्रोबला ०.४४ मिमी. तरंगलांबी जितकी लहान, तितके बारीक तपशील दिसतात. त्वचाच जेमतेम दोन-अडीच मिमी जाड असते. तिच्या खालचे बारीक तंतू दुसऱ्या प्रोबला वेगळे दिसणारच नाहीत. ७ ते १० मेगाहर्ट्झचा लिनियर प्रोब हाताशी असेल तर मोठ्या गाठी कळतील, पण त्यावर ‘गाठ नाही’ असे छातीठोकपणे लिहू नये.

प्रीसेट (यंत्रातली तयार मांडणी) ‘स्मॉल पार्ट्स’ किंवा ‘मस्क्युलोस्केलेटल’ घ्या. डेप्थ २ ते ३ सेंटीमीटर. जाड पोटावर स्नायूवरचा पडदा दिसेपर्यंत वाढवा. फोकस अर्ध्या ते दीड सेंटीमीटरवर ठेवा. खोलीनुसार गेन (चित्राचा उजळपणा) बदलणाऱ्या पट्ट्या मधोमध सरळ रेषेत आणा आणि एकूण गेन असा जुळवा की निरोगी जागची चरबी गडद करडी दिसेल, पूर्ण काळी नाही आणि पांढुरकीही नाही. हे जुळवायला कधीही न टोचलेली जागा वापरा, उदाहरणार्थ कुशीचा मागचा भाग. एकदा जुळले की पूर्ण तपासणीत गेनला हात लावू नका. नाहीतर उजळपणाची तुलना उरतच नाही, आणि या तपासणीत तुलना हेच सर्वस्व आहे.

जेल भरपूर घ्या. प्रोब आणि त्वचा यांच्यामध्ये पडद्यावर ३ ते ५ मिमीचा काळा पट्टा दिसायला हवा. तो दिसतोय म्हणजे दाब पडत नाही, याची ती खात्री. करंगळी रुग्णाच्या अंगावर टेकवून हाताला आधार द्या म्हणजे प्रोबचे वजन त्वचेवर येणार नाही.

निरोगी काय, बिघडलेले काय

वरून खाली जाताना आधी एक पातळ उजळ रेघ, मग त्वचेचा उजळ पट्टा, त्याखाली चरबीचे गडद पुंजके आणि त्यांच्यामधून त्वचेला समांतर जाणारे बारीक उजळ तंतू, शेवटी स्नायूवरच्या पडद्याची ठळक रेघ. नांगरलेल्या शेतातल्या सरींसारखी ही शिस्त डोळ्यांत बसवून घ्या.

लिपोहायपरट्रॉफीत ही शिस्त मोडते. गडद पुंजक्यांच्या जागी धुरकट उजळ डाग येतो, यालाच रिपोर्टात हायपरएकोइक म्हणतात. तंतू वाकतात, तुटक दिसतात किंवा डागात हरवतात. भोवती स्वतंत्र आवरण नसते. डॉप्लर (रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणारी सोय) लावला तर आत प्रवाह दिसत नाही. कधी एकच ठळक गोळा असतो, कधी कापसाच्या बोळ्यांसारखे अनेक छोटे उजळ ठिपके, तर कधी नुसता चरबीचा थर शेजारच्यापेक्षा जाड आणि तंतूंची मांडणी विस्कटलेली. जुन्या जागी उजळ आणि गडद यांची सरमिसळही असते.

गाठ निसटते ती इथे

सगळ्यात जास्त चुका दाबामुळे होतात. चरबी मऊ असते. किंचित दाबानेही थराची जाडी बरीच कमी भरते, शेजारचे तंतू एकमेकांवर येतात आणि सगळेच उजळ दिसू लागते. मग निरोगी आणि बिघडलेले यांत फरक उरत नाही. छोट्या रक्तवाहिन्याही चेपल्या जातात, म्हणजे डॉप्लरवर काहीच न दिसणे निरर्थक ठरते. जेलचा काळा पट्टा नसलेला फोटो मोजमापासाठी वापरू नका.

दुसरी चूक, प्रोब फक्त खुणेवर टेकवून उचलणे. गाठीची ओळख तिच्या कडेवर पटते, जिथे निरोगी सऱ्या संपून धुरकटपणा सुरू होतो. म्हणून खुणेच्या बाहेर निदान ३ सेंटीमीटर निरोगी भागापासून सुरुवात करा आणि प्रोब सावकाश सरकवत न्या. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढला पाहिजे. आडवे संपले की तोच भाग उभा घ्या. पसरट गाठ एका दिशेने चरबीसारखी आणि दुसऱ्या दिशेने स्पष्ट वेगळी दिसू शकते. खूण नसलेला, पण टोचण्याच्या पट्ट्यातला भागही सोडू नका.

तिसरी अडचण गाठ भोवतालाइतकीच करडी असण्याची. उजळपणाच्या शोधात असलेला डोळा अशा गाठीवरून सरळ पुढे जातो. इथे तीन गोष्टी मदतीला येतात. विरुद्ध बाजूला नाभीपासून तेवढ्याच अंतरावर थराची जाडी मोजून तुलना करा, पण दोन्ही बाजूंना टोचत असतील तर न टोचलेली जागा घ्या, नाहीतर दोन गाठींचीच तुलना होते. तंतूंची दिशा पाहा. आणि शेवटी मुद्दाम प्रोबने हलका दाब देऊन सोडा: निरोगी चरबी सहज चेपते, गाठ कमी चेपते आणि सगळी एकदम सरकते. यंत्रात इलास्टोग्राफी (ऊतीचा कडकपणा दाखवणारी सोय) असेल तर हाच कडकपणा रंगांत दिसतो, मात्र तिथेही हाताचा दाब बदलला की रंग बदलतात, म्हणून सलग तीन वेळा तेच चित्र आल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

डॉप्लरच्या मांडणीत कारखान्यातून आलेले आकडे मोठ्या रक्तवाहिन्यांसाठी असतात. वेगाची पट्टी सेकंदाला ३ ते ५ सेंटीमीटरवर आणा, वॉल फिल्टर (मंद प्रवाह गाळून टाकणारी चाळणी) सर्वांत खाली, रंगाचा गेन आधी ठिणग्या उडेपर्यंत वाढवून मग त्या थांबेपर्यंत कमी करा. आधी निरोगी जागी एखादी बारीक वाहिनी दिसते का पाहा. तिथेही दिसत नसेल, तर गाठीत प्रवाह नाही असे म्हणायला आधार नाही.

उलट दिशेची चूकही होते: नसलेली गाठ दिसणे. नुकतेच इंजेक्शन घेतले असेल तर इन्सुलिनचे तळे आणि हवेचे बुडबुडे दिसतात. बुडबुडे चकाकतात आणि खाली मळकट सावली टाकतात. म्हणून तपासणीआधीचे इंजेक्शन दुसऱ्या भागात घ्यायला सांगा. तपासणीसाठी डोस चुकवायला कधीही सांगू नका. प्रोबची कड त्वचेवरून उचलली गेली की तिथेही खोटी सावली पडते. स्थूल माणसात चरबी मुळातच असमान असते, त्यामुळे दोन्ही दिशांना दिसणारा आणि तंतूंची शिस्त मोडणारा बदलच धरायचा.

दुसरे काय असू शकते

चरबीची साधी गाठ, म्हणजे लायपोमा, लांबट असते, बहुतेकदा तिला पातळ आवरण असते आणि तंतू तिच्याभोवती वळसा घालतात. त्वचेखालची सिस्ट गोलसर, स्पष्ट कडेची, आणि तिच्या मागचा भाग जास्त उजळ दिसतो. रक्त साकळलेले असेल तर रूप दिवसागणिक बदलते. दोन आठवड्यांनी पुन्हा पाहिले की उलगडा होतो, विशेषतः रक्त पातळ करणारी इंजेक्शने पोटातच घेणाऱ्यांत. लाली, उष्णता, दुखणे आणि कडेला वाढलेला प्रवाह दिसला तर तो संसर्ग समजून त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा. पोटावरचा उंचवटा खोकल्यावर वाढत असेल तर हर्निया आहे का ते आधी पाहा.

एका प्रकाराबद्दल विशेष सावध राहावे, तो म्हणजे इन्सुलिनचा अमायलॉइड. इथे चरबी वाढलेली नसते. टोचलेल्या इन्सुलिनचेच धागे होऊन साचलेले असतात. गोळा कडक लागतो, वरची कातडी कधी काळपट आणि जाड होते, सोनोग्राफीत तो उजळ नसून गडद आणि वेड्यावाकड्या कडेचा दिसतो, आत प्रवाह नसतो. महत्त्वाचा फरक असा की टोचणे थांबवले तरी तो विरत नाही, आणि त्यातून शोषण फारच वाईट होते. एमआरआयवर टी२ चित्रात तो गडद राहतो; खात्री बायोप्सीत (तुकडा काढून तपासताना) काँगो रेड या रंगद्रव्याने होते. कडक आणि गडद गोळ्याला ‘लिपोहायपरट्रॉफी’ म्हणून मोकळे होऊ नका.

लिपोअ‍ॅट्रॉफीत याच्या उलट खड्डा पडतो. चरबीचा थर झिजतो आणि स्नायू त्वचेच्या जवळ येतो. इथे त्वचेपासून स्नायूच्या पडद्यापर्यंतचे अंतर दाब न देता मोजून लिहा. ते थोडे असेल तर सुई स्नायूत जाऊन शुगर झपाट्याने उतरू शकते.

रिपोर्टात काय हवे

‘उजव्या पोटावर गाठ’ याने काम होत नाही. पुढच्या वेळी दुसऱ्या माणसाला तीच जागा सापडली पाहिजे. नमुना असा ठेवता येईल: ‘नाभीच्या उजवीकडे ४ सेमी, खाली २ सेमी, ३८ × २६ मिमी, जाडी ११ मिमी, उजळ, आवरण नाही, तंतूंची मांडणी विस्कटलेली, प्रवाह नाही, न टोचलेल्या जागी चरबीचा थर १४ मिमी, येथे १९ मिमी, प्रोब १५ मेगाहर्ट्झ, जेलचा थर राखून.’ शेवटी एक ओळ निरोगी जागांसाठीही असू द्या, कारण रुग्णाला घरी जाऊन टोचायचे तिथेच आहे.

गाठ सापडल्यावर

जेल पुसण्याआधी गाठीची कड त्वचेवर आखा, रुग्णाच्या फोनमध्ये फोटो काढून द्या, आणि पडद्यावरची दोन चित्रे शेजारी ठेवून दाखवा: ही निरोगी जागा, ही रोजची. हे स्वतः पाहिलेला माणूस जागा बदलतो. नुसते ‘जागा बदला’ हे वाक्य त्याने आधी अनेकदा ऐकलेले असते.

त्या जागी टोचणे पूर्ण थांबवायचे. आता सर्वांत धोक्याचा टप्पा येतो, आणि तो हमखास विसरला जातो. गाठीत मुरत नव्हते म्हणून डोस वाढवत नेलेला असतो. तोच डोस निरोगी चरबीत गेला की पूर्ण शोषला जातो आणि हायपो होतो. जागा बदलण्याच्या दिवशीच डॉक्टरांनी डोस ठरवून द्यावा. १० ते २० टक्के कपातीपासून सुरुवात करण्याची पद्धत आहे. प्रत्यक्ष आकडा मागच्या नोंदी पाहूनच ठरतो. पहिले दोन आठवडे जेवणाआधी, झोपताना आणि काही रात्री तीनच्या सुमारास शुगर तपासायची, आणि ग्लुकोज हाताशी ठेवायचे. शुगर मोजणारा सेन्सर लावत असतील तर तोही गाठीवर लावू नये.

नवी जागा निवडताना पोटाचे चार भाग करून आठवड्याला एक भाग, आणि प्रत्येक टोचणीमध्ये निदान १ सेंटीमीटर, म्हणजे बोटभर अंतर. नाभीपासून, खालच्या बरगडीपासून आणि जघनास्थीपासूनही तेवढे अंतर राखायचे. मांडीचे दोन भाग धरायचे. ४ मिमीची सुई सरळ टोचली तर जवळपास सर्व प्रौढांत चरबीतच जाते. लहान मुले आणि अगदी सडपातळ अंगाची माणसे यांनी कातडीची घडी उचलावी. दर वेळी नवी सुई.

पुन्हा सोनोग्राफी तीन महिन्यांनी, त्याच प्रोबने, त्याच मांडणीत, मागचा रिपोर्ट समोर ठेवून. जाडी कमी झालेली आणि सऱ्या परत दिसू लागलेल्या असतील तर रस्ता बरोबर आहे, पण ती जागा एवढ्यात पुन्हा वापरायची घाई नको. मोठ्या गाठींना विरायला आणखी महिने लागतात. काहीच फरक नसेल तर आधी सहजपणे पुन्हा एकदा ‘टोचल्यासारखे करून दाखवा’ म्हणा. बोट जुन्याच जागी गेले तर उत्तर मिळाले. ते नव्या जागी जात असेल आणि गोळा कडकच असेल, तर अमायलॉइडच्या तपासणीसाठी पाठवा.